जुन्या रायफलचा 'फुस्स' आवाज: बिघाड शोधण्यातून संशोधन कसं शिकायचं?

संशोधनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना सगळ्यात अवघड काय जातं? आकडेमोड नाही, इंग्रजी पेपर वाचणंही नाही. अवघड जातं ते 'काहीतरी विचित्र होतंय' इथपासून 'माझा संशोधन प्रश्न हा आहे' इथपर्यंत येणं. सिनॉप्सिस लिहिताना बरेच जण इथेच अडकतात. हा प्रवास समजून घ्यायला आज एक वेगळं उदाहरण घेऊ: जुन्या शिकारी रायफलमधून येणारा विचित्र आवाज.

रायफलच का? कारण इथे अंदाज चुकला तर फक्त व्हायवात मान खाली जात नाही. रायफल चालवणाऱ्याचा गाल बोल्टपासून वीतभर अंतरावर असतो आणि आत हजारो वातावरणांएवढा दाब तयार होतो. त्यामुळे 'करून तर बघू' म्हणायची सोय नाही. आधी विचार, मग हात.

दुसरं कारण आपल्या भागाचं आहे. अंबरनाथची आयुध निर्माणी १९५३ पासून आहे, आणि काडतुसांना लागणारं पितळ हा तिच्या कामाचा जुना भाग. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातल्या किती तरी घरांत कुणी ना कुणी तिथे नोकरी केलेलं सापडेल. पुढे दिसेल की आपलं उत्तर या पितळापाशीच जाऊन पोचतं.

उदाहरण

एक प्रसंग कल्पू या. बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या बाजूला एक शेतकरी कुटुंब आहे. घरात आजोबांच्या काळातली .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल आहे, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली, ली-एनफिल्ड घराण्यातली. इंग्रजांच्या काळात लष्कराचं .३०३ काडतूस सामान्य लोकांना ठेवता येत नसे, म्हणून नागरिकांसाठी .३१५ सारखे वेगळे बोअर रूढ झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली. रायफल आता पीकरक्षणाच्या परवान्यावर आहे.

तक्रार अशी: 'बार काढला की कधी कधी धडाक्याबरोबर फुस्स असा आवाज येतो. तोंडावर गरम वारा लागतो.' घरातल्यांचा निष्कर्ष ठरलेला: 'जुनी झाली, नळी गंजली, बदलायला झाली.'

हा निष्कर्ष बरोबरही असेल. पण तो अजून सिद्ध झालेला नाही. आपण काय करायचं?

पायरी १: कारण सोडा, आधी वर्णन करा

'विचित्र आवाज' हा डेटा नाही, ती तक्रार आहे. तिचा डेटा करायचा तर निदान तीन गोष्टी लिहून काढायच्या: आवाज केव्हा येतो, कुठून येतो, किती वेळा येतो.

'केव्हा' हा प्रश्न सगळ्यात जास्त कामाचा. रायफलच्या एका बाराचे टप्पे पाडून बघा.

बोल्ट पुढे ढकलताना: ली-एनफिल्डमध्ये बोल्ट पुढे सारतानाच आतली स्प्रिंग दाबली जाते. इथे करकर आली तर धूळ, सुकलेलं तेल किंवा घासणारी स्प्रिंग यांचा संशय.

रायफल नुसती हलवली तर: खडखड आली तर सैल स्क्रू, मॅगझिन, पट्ट्याची कडी. लाकडाचाही हात असतो. पावसाळ्यात घरातले ड्रॉवर घट्ट होतात आणि उन्हाळ्यात सुटतात, हे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला कुठलाही कारागीर सांगेल. रायफलचं लाकूडही तसंच फुगतं आणि आकसतं.

ट्रिगर आणि धडाका यांच्यामध्ये: नेहमी हे अंतर इतकं कमी असतं की कानाला एकच आवाज येतो. 'टक्... धडाम' असं वेगळं ऐकू आलं तर काडतूस उशिरा पेटतंय. नुसतं 'टक्' झालं आणि पुढे काहीच नाही, तर नळीचं तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं असतं. लगेच बोल्ट उघडला तर काडतूस हातात फुटू शकतं.

धडाका नेहमीपेक्षा हलका, धक्काही कमी: हा सगळ्यात फसवा आवाज. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढचा बार काढला तर नळी फाटते. इथे काम तिथल्या तिथे थांबवायचं.

धडाक्याच्या क्षणी, बोल्टच्या बाजूने 'फुस्स': वायू मागे गळतोय. आपली तक्रार ही आहे.

बघा, अजून एकही स्क्रू उघडलेला नाही. नुसतं 'केव्हा' नीट विचारल्यावर शक्यतांचं जंगल एका पायवाटेवर आलं. आणि 'नळी गंजली' या घरगुती निष्कर्षाची तपासणीही इथेच होते. नळी गंजली असेलही. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. काडीपेटीच्या काडीच्या गुलातही तेच असतं. अंबरनाथच्या विमको नाक्याला ज्या काडीपेटी कारखान्याचं नाव आहे, तिथला हा रोजचा कच्चा माल. बार झाल्यावर क्लोरेटचं पोटॅशियम क्लोराईड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळी गंजवतो. पण असा गंज असतो नळीत, गोळीच्या वाटेवर. वायू गळतोय मागे, बोल्टपाशी. म्हणजे गंज खरा असला तरी तो या आवाजाचं कारण ठरत नाही. खरी गोष्ट आणि खरं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थिसिसमध्ये हा गोंधळ फार वेळा होतो.

पायरी २: मोजायच्या साधनावर संशय घ्या

'मोबाईलवर रेकॉर्ड करू, वेव्हफॉर्म बघू' असं लगेच सुचेल. कल्पना वाईट नाही. नेहमीचं रेकॉर्डिंग सेकंदाला ४४,१०० नमुने घेतं, म्हणजे दोन नमुन्यांत सुमारे ०.०२३ मिलिसेकंद. वेळ मोजायला हे भरपूर झालं.

अडचण वेगळी आहे. रायफलचा धडाका जवळून १५० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. मोबाईलचा माईक बोलण्यासाठी बनवलेला. तो एवढ्या आवाजाला 'भरून' जातो, लाटेचं शिखर सपाट कापलं जातं. त्यात फोन आपणहून आवाज कमी-जास्त करतो. म्हणजे ज्या क्षणी 'फुस्स' येतो, नेमक्या त्याच क्षणी साधन बहिरं झालेलं असतं. रेकॉर्डिंगमध्ये फुस्स दिसला नाही, तर 'फुस्स नव्हता' असं म्हणता येईल का? नाही. 'या साधनाला तो दिसू शकत नव्हता' एवढंच म्हणता येईल.

दुसरा सापळा प्रतिध्वनीचा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ८६ मीटरवर डोंगराची कडा असेल तर अर्ध्या सेकंदाने आवाज परत येतो. आपल्याकडे एका बाजूला मलंगगडाची रांग, मध्ये टेकड्या. 'दोनदा आवाज आला' या तक्रारीत दुसरा आवाज रायफलचा की डोंगराचा? तपासायला सोपं आहे: जागा बदला. अंतर बदललं की दोन आवाजांमधला वेळ बदलला, तर तो डोंगर. जागा बदलूनही तेवढाच राहिला, तर शोध रायफलकडे. कुठलाही संशयास्पद निकाल आला की हाच प्रश्न विचारा: हा माझ्या विषयातून आला की माझ्या मोजणीच्या जागेतून?

पायरी ३: प्रत्येक कारणाला विचारा, 'तू खरा असशील तर काय दिसेल?'

वायू मागे गळण्याची तीन मुख्य कारणं घेऊ. प्रत्येकाची खूण बार झाल्यावर उरलेल्या रिकाम्या पुंगळीवर उमटते.

अ) काडतुसाच्या बुडातली टोपी सैल झाली किंवा तिला भोक पडलं. मग काजळी टोपीभोवती दिसेल.

ब) बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांच्यातली फट वाढली. रायफल झिजली की हे होतं. पुंगळी बाराच्या वेळी लांबीच्या दिशेने ताणली जाते आणि बुडाच्या थोडं वर पातळ होते. मग तडा आडवा, पुंगळीला गोल वेढा घालणारा. तडा जाण्याआधी तिथे चकचकीत कडं दिसू लागतं.

क) पितळच आधीपासून कमजोर आहे. मग तडा बहुतेक वेळा उभा, लांबीच्या दिशेने जाणारा, कारण पुंगळी ओढून घडवताना तिच्या घेरात ताण उरलेला असतो.

आडवा तडा की उभा तडा, एवढ्या साध्या निरीक्षणाने ब आणि क वेगळे पडू लागतात. पण इथे थांबायचं नाही. उभा तडा रायफलमुळेही जाऊ शकतो: काडतूस बसायची जागा मोठी झाली असेल तर कडक पितळ फुगताना फाटतं. म्हणजे उभा तडा 'क' कडे बोट दाखवतो, शिक्कामोर्तब करत नाही.

मग शिक्कामोर्तब कशाने होईल? जरा थांबून स्वतः विचार करा, मग पुढे वाचा.

उत्तर: न उडवलेली काडतुसं बघा. ज्या काडतुसाने अजून बार पाहिलेलाच नाही, त्याच्या पितळावर तडा असेल, तर तो तडा रायफलने पाडलेला असूच शकत नाही. एका निरीक्षणाने आरोपी बदलला. संशोधनात असं निरीक्षण शोधायचं असतं: एका कारणाला जमणारं आणि दुसऱ्याला अजिबात न जमणारं. माझ्या कल्पनेला दुजोरा देणारं निरीक्षण शोधणं सोपं असतं. प्रतिस्पर्धी कल्पना मोडेल असं शोधणं अवघड, पण खरं काम तेच.

पायरी ४: प्रयोगाची रचना, आणि कुठला प्रयोग करायचा नाही

पुस्तकी रचना कुणालाही सुचेल. दोन रायफली (जुनी आणि चांगली), दोन प्रकारची काडतुसं (घरातली जुनी आणि नवी). चार जोड्या. फुस्स काडतुसाबरोबर फिरला तर दोष काडतुसाचा; रायफलबरोबर राहिला तर रायफलचा; फक्त जुनी रायफल आणि जुनी काडतुसं या जोडीतच आला तर दोघांचा मिळून. हा तिसरा पर्याय विसरू नका. कमजोर पितळ घट्ट जागेत निभावून जातं आणि सैल जागेत फाटतं, असं होऊ शकतं.

रचना सुंदर आहे, पण पूर्ण करायची नाही. चारपैकी दोन घरांमध्ये आपल्याला संशय असलेली काडतुसं मुद्दाम उडवावी लागतात, आणि वायू कुणाच्या तरी डोळ्यांच्या दिशेने येणार आहे. शिवाय, तोंडाला गरम वारा लागला त्या दिवसापासून बार बंद, हा पहिला नियम. चांगली रचना ती, जी हाच प्रश्न कमी धोक्यात सोडवते. इथे ती म्हणजे न उडवलेली काडतुसं भिंगाखाली बघणं.

किती काडतुसं बघायची? समजा दहातलं एक काडतूस तडकलेलं आहे. तुम्ही ५ बघितली आणि सगळी ठीक निघाली. निश्चिंत व्हायचं? पाचही चांगली निघण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.५९. नाणेफेकीपेक्षा थोडंसं बरं. ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणायची तर किमान २९ काडतुसं बघावी लागतात. 'मला काही सापडलं नाही' या वाक्यापुढे नेहमी विचारा: किती ठिकाणी शोधलं? पाचात न सापडणं आणि २९ मध्ये न सापडणं या वेगळ्या बातम्या आहेत.

आणि भिंगातून बघणाऱ्याला कुठलं काडतूस कुठल्या डब्यातलं ते सांगू नका. आधीच 'जुनं' हा शब्द कानावर पडला की प्रत्येक ओरखडा तडा वाटतो.

पायरी ५: जुन्या संशोधनाकडे जा. हा प्रश्न कुणाला आधी पडला होता का?

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे पेपरांची यादी नव्हे. माझ्यासारखा प्रश्न आधी कुणाला पडला आणि त्याने तो कसा सोडवला, हे शोधणं. आपल्या प्रश्नाचा पूर्वज सापडतो, आणि तोही हिंदुस्थानातलाच.

धातुशास्त्राच्या पुस्तकांत ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. ब्रिटिश काळात पावसाळ्यात लष्कराच्या हालचाली कमी व्हायच्या, तेव्हा दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवला जाई. पाऊस संपल्यावर पेट्या उघडल्या की पितळी काडतुसांना तडे गेलेले. एकही बार न काढता. संशय सहज पावसावर जातो. ऋतू पावसाळ्याचा, तडे पावसाळ्यात. पण नुसत्या ओलाव्याने पितळ असं तडकत नाही.

१९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी पितळाच्या या तडकण्यावर सविस्तर संशोधन प्रसिद्ध केलं. गुन्हेगार निघाला अमोनिया. घोड्यांच्या मुतातून तो हवेत येतो, ओलाव्यात विरघळतो आणि पितळातल्या तांब्याशी संयोग करून ते विरघळवू लागतो. पण अमोनियाही एकटा पुरत नाही. पितळात घडवताना उरलेला ताण लागतो. तो ताण, अमोनिया आणि ओलावा एकत्र आले की तडा. मग उपाय? तबेला बदलणं हा एक. दुसरा जास्त मुळातला: पितळ साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून आतला ताण काढून टाकणं. ताण गेला की तिघांतला एक साथीदार गेला.

यातून दोन धडे. 'पावसाळ्यात होतं' हा सहसंबंध खरा होता, पण कारण पाऊस नव्हता. पावसाळ्यात काडतुसं जिथे ठेवली जात, ती जागा होती. आणि दोष वस्तूत नव्हे, वस्तू जिथे राहिली तिथेही असू शकतो.

अंबरनाथचं पितळ इथे आठवा. काडतुसाची पुंगळी पितळाच्या चकतीची आधी वाटी करून आणि मग ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब करत बनते. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कडक होतं, आत ताण साठतो. म्हणून मध्ये मध्ये ते तापवून मऊ करावं लागतं. लष्करी काडतुसाच्या मानेजवळ निळसर-तपकिरी छटा दिसते ना, ती या तापवण्याची खूण. तिला डाग समजू नका. कारखान्यात रोज होणारं हे काम एकेकाळी कुणाचा तरी अवघड संशोधन प्रश्न होतं.

आता आपल्या शेतकऱ्याकडे परत

इतकं वाचल्यावर त्या कुटुंबाला कुठला प्रश्न विचाराल? मी विचारेन: काडतुसं कुठे ठेवता? समजा उत्तर आलं, 'गोठ्यावरच्या माळ्यावर, मुलांच्या हाताला लागू नयेत म्हणून.' गोठ्यात गुरं, गोमूत्र, अमोनिया. कोकणच्या वेशीवरचा चार महिन्यांचा पाऊस. तबेल्याची गोष्ट जशीच्या तशी.

पण लगेच टाळी वाजवू नका. गोठ्याने एक बळकट गृहीतक दिलं, निष्कर्ष दिला नाही. न उडवलेल्या काडतुसांवर उभे तडे सापडले, तर पितळ दोषी ठरलं. रायफल मात्र पूर्ण निर्दोष ठरली का? नाही. तिची फट गेजने मोजावीच लागेल. कारण दोन दोष एकत्र नांदू शकतात, आणि नवी काडतुसं आणून 'झालं काम' म्हणणाऱ्याला दुसरा दोष पुढच्या बाराला भेटू शकतो. तडे एकाही काडतुसावर सापडले नाहीत, तरी मोजणी लागतेच. तेव्हा तर रायफलवरचा संशय वाढतो.

हे काम कुणाचं? १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्तीच नव्हे, चाचणी करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. म्हणून मोजणी आणि उघडझाप परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे, आणि संशयास्पद काडतुसं कुठे जमा करायची ते पोलीस ठाण्यात विचारून. घरी ती फोडायची नाहीत, फेकायचीही नाहीत. याला कागदी अडथळा समजू नका. तुमच्या विद्यापीठाची नीतिमत्ता समिती जे विचारते तेच इथे कायदा विचारतोय: चूक झाली तर इजा कुणाला होणार?

तुमच्यासाठी गृहपाठ

रायफल नको, घरातला आवाज करणारा पंखा किंवा मिक्सर घ्या. एक पान घ्या आणि त्यावर एवढंच लिहा:

१. आवाज केव्हा, कुठून, किती वेळा येतो? कारणाचा एकही शब्द नको.
२. तीन शक्य कारणं. प्रत्येकापुढे: हे खरं असेल तर आणखी काय दिसेल?
३. कुठल्या एका निरीक्षणाने यातलं किमान एक कारण बाद होईल?
४. ते निरीक्षण करायला सगळ्यात कमी धोक्याचा मार्ग कोणता? (पंख्याचा स्विच बंद करून, एवढं तरी लिहालच.)
५. काहीच सापडलं नाही तर मी किती वेळा बघितलं असं सांगू शकेन?
६. ही वस्तू कुठे आणि कशी ठेवली जाते?

सहावा प्रश्न बहुतेक जण सोडतात. तबेल्याचं उत्तर तिथेच होतं. हे पान भरलं की विषयाच्या जागी तुमचा संशोधन विषय ठेवून पुन्हा भरा. जिथे पेन अडेल, तिथे तुमच्या सिनॉप्सिसला अजून काम आहे. गाईडकडे जाताना तेच पान घेऊन जा.